दोंक मॅडम

रेहाना मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका कुत्र्याला निबंध ऐकवत होत्या.

नगर शहरात, मुकुंदनगरमधल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक काळं कुत्रं आडवं पसरलं होतं. त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर पन्नाशी ओलांडलेली एक सडपातळ बाई भाजीची पिशवी छातीशी धरून उभी होती. आवाज थरथरत होता, पण वाक्यं कशी ओळीने लावल्यासारखी. “प्रथमतः, हा रस्ता सगळ्यांचा आहे. शिवाय, मी तुला कधी दगड मारलेला नाही. असं असूनही तुझा माझ्यावर राग असेल, तर तो गैरसमज आहे. म्हणून तू आता ऊठ.”

कुत्र्याने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. शेवटी मी स्कूटीचा हॉर्न वाजवला तेव्हा ते अंग झाडत निघून गेलं. बाई भिंतीला पाठ घासत पुढे आल्या आणि मला म्हणाल्या, “आभारी आहे. अर्थात, ते पटण्याच्या बेतात होतं.”

मी शोधत होते त्या फ्रेंचच्या मॅडम याच.

माझी हकिकत थोडक्यात अशी. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. नवरा, संदीप, एमआयडीसीत मशीनवर आहे. आम्ही कॅनडाला जायचं ठरवलं, म्हणजे ठरवलं त्याने आणि घाबरायचं काम माझ्याकडे आलं. पुण्याच्या एजंटने सांगितलं, नुसत्या इंग्रजीवर भागायचं नाही, दोघांपैकी एकाने फ्रेंचची परीक्षा दिली तर कागद पुढे सरकतील. संदीपने माझ्याकडे पाहिलं. बारावीला मी फ्रेंच घेतलं होतं, मार्क भरपूर पडतात म्हणून. त्यातलं ‘बोंजूर’ तेवढं शिल्लक होतं.

मोबाईलवर व्हिडिओ बघून मी एकदा पुण्याला परीक्षा देऊनही आले. लेखीत कशीबशी सुटले. तोंडीला परीक्षकबाईंनी विचारलं, मागचा रविवार कसा घालवलात. मी म्हटलं, मी उठले. मी चहा केला. मी कपडे धुतले. मग थांबले. बाई पेन हातात धरून वाट बघत राहिल्या, मी त्या पेनाकडे बघत राहिले, आणि तोंडीत नापास होऊन नगरला परतले. त्यानंतर ‘पुणे’ असा बोर्ड लावलेली गाडी दिसली तरी मी तोंड फिरवायचे.

घरी आणखी एक भीती होती, पण ती आम्ही कोणी बोलून दाखवत नव्हतो. सासूबाई आमच्याजवळ राहतात. मूळच्या काष्टीच्या. तिथे शेत दीर बघतात, पण थोरल्या सुनेशी यांचं जमत नाही. आम्ही गेल्यावर यांनी कुठे राहायचं, हा विषय निघाला की संदीप पंख्याला तेल घालायला उठायचा.

मॅडमच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी मी तोच रविवार सांगितला. मी उठले, मी चहा केला, मी कपडे धुतले. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पोलिसांनी बोलावलं होतं का तुला? ही जबानी झाली, बाळ.”

मग त्यांनी तो रविवार हातात घेतला. ही बाई उठली, कारण नळाला पाणी आलं होतं. त्यानंतर तिने चहा टाकला. मात्र दूध नासलं, त्यामुळे कोराच प्यावा लागला. एवढं होऊनही तिने कपडे धुतले, आणि शेवटी, पाणी गेल्यामुळे, अर्धे साबणातच राहिले. “आता बघ,” त्या म्हणाल्या, “बाई जिवंत झाली.”

शाळेत आपण ज्यांना उभयान्वयी अव्ययं म्हणत होतो, त्यांना मॅडम ‘सांधे’ म्हणत. फ्रेंचमधले सगळे सांधे त्यांनी मराठीच्या खुंटीला टांगून ठेवले होते. फ्रेंचमध्ये ‘कार’ म्हणजे कारण. ‘कारण’मधला ‘ण’ नगरच्या उन्हात वाळून गळून पडला की ‘कार’ उरतं, हे त्यांनी सांगितलं आणि तो शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही. ‘मालग्रे तू’ म्हणजे एवढं सगळं असूनही. यातल्या ‘तू’चा आपल्या ‘तू’शी काही संबंध नाही हे त्या बजावून सांगायच्या, तरी कोणीतरी परीक्षकाला मान द्यायचा म्हणून ‘मालग्रे तुम्ही’ म्हणून यायचंच.

आणि ‘दोंक’. दोंक म्हणजे म्हणून, तर मग, सबब. हा त्यांचा स्वतःचा लाडका. दोंक, चहा घेतेस का. दोंक, लाईट गेली. पोरं त्यांना पाठीमागे दोंक मॅडमच म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. आधी सांध्यांना घाबरणारी एक मुलगी पुढे प्रत्येक वाक्यात तीन-तीन घालायला लागली, तेव्हा मॅडमनी तिचा निबंध परत दिला. सांधा हिंगासारखा असतो, म्हणाल्या. वास यावा, तोंडात खडा येऊ नये.

हे सगळं कशासाठी, हे त्यांनी मला एकदाच समजावलं. भीती शब्दांत नसते, त्या म्हणाल्या, ती दोन वाक्यांच्या मधल्या खड्ड्यात बसलेली असते. पहिलं वाक्य संपलं आणि दुसरं सुचलं नाही की पाय थेट तिच्या अंगावर पडतो. म्हणून वाक्य संपायच्या आधीच ‘तथापि’ म्हणून टाकायचं. तथापिच्या पुढे काय, ते तथापि म्हणता म्हणता सुचतं. परीक्षकाला वाटतं, विचार करून बोलतेय. प्रत्यक्षात आपण जीव मुठीत धरून फळीवरून पलीकडे जात असतो.

हे त्या सांगू शकत होत्या, कारण भीतीतलं त्यांना जेवढं कळत होतं तेवढं नगर शहरात कोणालाच कळत नसेल. कुकरची शिट्टी होणार अशी चाहूल लागली की त्या शेजारच्या खोलीत जाऊन उभ्या राहायच्या आणि गॅस बंद करायला क्लासमधल्या कोणाला तरी पाठवायच्या. शहरात उड्डाणपूल झाला तेव्हा अख्खं गाव त्यावर जाऊन फोटो काढून आलं. मॅडम पुलावरून जात नाहीत, कारण तो उंच आहे. पुलाखालूनही जात नाहीत, कारण तो वर आहे. त्या गल्ल्यागल्ल्यांतून जातात. उसाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर डुलत येताना दिसला की त्या रस्ता सोडून जे दुकान समोर असेल त्यात शिरायच्या. त्यापायी एकदा त्या बराच वेळ ट्यूबलेसच्या पंक्चरवाल्याकडे बसून होत्या आणि उठताना भिडेखातर हवेचं विचारून आल्या. गाडी नसताना.

लष्कराचा सराव सुरू झाला की माळावरून तोफांचे दबके आवाज येतात, तावदानं खणखणतात. नगरकर मान वळवून बघत नाहीत. मॅडम मात्र ‘सपाँदाँ’ म्हणायच्या, म्हणजे ‘तथापि’, डोळे घट्ट मिटायच्या आणि आवाज विरला की सोडलेल्या जागेवरून वाक्य पुढे न्यायच्या. कितीही धडाधड झालं तरी त्यांचं वाक्य कधी अर्ध्यावर राहिलं नाही.

मध्यंतरी बिबट्याची अफवा उठली. क्लासच्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला: एका बाजूला, भिंगारकडे बिबट्या दिसल्याचं म्हणतात, दुसऱ्या बाजूला, वनखात्याने अजून दुजोरा दिलेला नाही, तरीही सर्वांनी घोळक्याने यावे, थोडक्यात, मी दार उशिरा उघडले तर गैरसमज नसावा. खाली तोच मजकूर फ्रेंचमध्ये, आणि सांध्यांखाली रेघा मारायच्या अशी सूचना. बिबट्या म्हणजे कोणीतरी गच्चीच्या कठड्यावर वाळत घातलेलं ठिपक्यांचं ब्लँकेट होतं. मी घरी हा मेसेज वाचून दाखवला, आम्ही दोघं पोट धरून हसलो. सासूबाई हसल्या नाहीत.

“हसू नगा,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडं उसात खरंच हाय. धाकल्या भावजयीच्या दारातनं वासरू नेलं. भेनारं मानूस येडं नसतं.”

दुसऱ्या परीक्षेची वेळ जवळ आली तसं मॅडमनी मला सरावासाठी शिर्डीला पाठवलं. मॉरिशसचे भाविक तिथे बरेच येतात, ते फ्रेंच बोलतात. त्यांच्यापैकी कोणाशी तरी बोलून ये, निदान पाच सांधे वापर. त्या स्वतः येणार नव्हत्या, रस्ता मोठा होता. मी फुलांच्या दुकानापाशी तासभर घिरट्या घातल्या. शेवटी मोगऱ्याचा हार घेणाऱ्या एका आजींचं फ्रेंच ऐकून हिंमत केली. म्हटलं, बोंजूर मादाम, प्रथमतः मला तुमचा देश आवडतो, कार... आणि खड्डा. आजींनी माझ्याकडे मायेने पाहिलं. कपाळावरचं कुंकू बघितलं. मग अगदी जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाल्या, “तू मराठ्यांची का गं? आमचे पणजोबा रत्नागिरीहून गेलेले.” पुढचा सगळा वेळ आम्ही मराठीत बोललो. मॅडमना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, किती सांधे वापरले. मी म्हटलं, सगळे, पण मराठी.

परीक्षेची तारीख आली आणि माझी झोप उडाली. मागचं सगळं पुन्हा होणार, परीक्षकबाई पेन धरून बघत बसणार, आणि यावेळी नापास झाले की पुन्हा द्यायला वेळ नाही. संदीपला सुट्टी मिळत नव्हती. मी मॅडमकडे जाऊन सांगितलं की मी जाणार नाही, मला जमणार नाही. मला वाटलं त्या समजावतील, प्रथमतः, शिवाय, तथापि. त्या मात्र पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. मग गाडी किती वाजता आहे ते विचारलं आणि म्हणाल्या, “मी येते.”

माझा विश्वास बसला नाही. ही बाई उड्डाणपुलाखालून जात नाही आणि पुण्याला येणार.

पण त्या आल्या. उजाडता उजाडता एसटी स्टँडवर शाल घट्ट लपेटून उभ्या होत्या, चेहरा पीठ फासल्यासारखा. ड्रायव्हरच्या बरोबर मागची जागा त्यांनी धरली, समोरचा दांडा दोन्ही हातांनी पकडला आणि गाडी निघाल्यापासून त्या ड्रायव्हरला रस्ता सांगायला लागल्या. दोंक, ट्रॅक्टर. शिवाय, मोटरसायकल. मात्र, म्हैस. सुपे गेलं, शिरूर आलं, तरी त्या थांबल्या नाहीत. ड्रायव्हर भला माणूस होता. बराच वेळ ऐकून घेतल्यावर तो एवढंच म्हणाला, “मावशी, मला दिसतंय.” मॅडम म्हणाल्या, “निश्चितच. तरीपण.” मी त्यांना पाणी पाजत होते, पाठ चोळत होते, खिडकीला पडदा ओढत होते. या गडबडीत पुण्याच्या तोंडाशी वाघोली आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आज मला घाबरायला वेळच मिळाला नव्हता.

परीक्षेच्या ठिकाणी मोठ्या हॉलमध्ये आम्हाला बसवलं. आजूबाजूला सगळी कोवळी पोरं, ओठ हलवत पाठ म्हणणारी. आता माझी भीती जागेवर आली. आतून एक मुलगी आली आणि तिने नाव पुकारलं: रेहाना सय्यद. मला वाटलं, सोबत आलेल्यांची काही नोंद असेल. मॅडम उठल्या. मी त्यांचा हात धरून विचारलं, तुम्ही कुठे. त्या हळूच म्हणाल्या, “तू फी भरलीस तेव्हाच मीही भरली होती. बाहेर बसून ‘घाबरू नकोस’ म्हणणं मला खोटं वाटायला लागलं.”

त्यांनी हात सोडवून घेतला. दार बंद झालं. उभ्या आयुष्यात त्यांनी इतरांना परीक्षेला पाठवलं होतं. स्वतः तोंडी परीक्षेला बसून त्यांना किती वर्षं झाली असतील, कोण जाणे. मी माझी उजळणी विसरून त्या दाराकडे बघत राहिले.

त्या बाहेर आल्या तेव्हा चालताना भिंतीला हात लावत होत्या. पण माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, सोपं आहे, बाई चांगल्या आहेत, पाणी विचारतात. मग माझं नाव आलं आणि मी आत गेले.

विषय निघाला: शहरात राहणाऱ्या मैत्रिणीला गावी राहायला येण्यासाठी पटवा. मी काष्टी सांगितली. प्रथमतः बाजार, शिवाय मोकळी हवा. मान्य आहे, उन्हाळ्यात पाणी कमी पडतं, तथापि... एकदा खड्डा समोर आला. मी ‘मालग्रे तू’ म्हटलं आणि पलीकडे गेले. परीक्षकबाई लिहीत होत्या. बाहेर आले तेव्हा अंगावरचा ब्लाउज घामाने भिजला होता, पण मी बोलले होते.

आम्ही रस्त्याकडेच्या एका झाडाखाली चहा घेतला. मी विचारलं, तुमचं कसं झालं. मॅडमनी कप खाली ठेवला.

“सुरुवातीचाच प्रश्न होता, घरी कोण कोण आहे. मी म्हटलं, मी बहिणीबरोबर राहते. मग लक्षात आलं, चुकलं, काळ चुकला. राहत होते, असं म्हणायला पाहिजे. तो काळ मी तुम्हाला रोज शिकवते. तोंडातून निघेचना, बाळ. परीक्षक म्हणाल्या, घाई नाही, सावकाश बोला. मग मी इतर सगळं बोलले. ते नाही बोलले.”

त्यांना बहीण होती हे मला माहीतच नव्हतं.

निकाल पुढे यथावकाश आला. मी पास झाले. मॅडमनी स्वतःचा सांगितला नाही, मीही विचारला नाही. पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशी संध्याकाळचं.

नगरला उतरलो तेव्हा मॅडम स्टँडवरच्या बाकावरच बसून राहिल्या. मी त्यांना रिक्षात घालून सरळ आमच्या घरी आणलं. सासूबाई दारापुढच्या पडवीत परात घेऊन बसल्या होत्या. शेंगोळ्यांसाठी हुलग्याचं पीठ मळून ठेवलेलं, त्याची कडी वळून उकळत्या पाण्यात सोडायची. त्यांनी मॅडमकडे एकदा बघितलं, परीक्षेचं काही विचारलं नाही. बाजूला सरकून जागा केली, पिठाचा एक गोळा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, हात धुवून या, वळू लागा.

मी आत पाणी उकळायला ठेवलं. खिडकीतून दोघींच्या पाठी दिसत होत्या. मॅडमना शेंगोळी वळता येत नव्हती, लांबच लांब साप होत होता. सासूबाई तो मोडून पुन्हा देत होत्या. आणि मग त्यांनी सहज विचारलं, “घरी कोन कोन हाय तुमच्या?”

मी चमचा खाली ठेवला. बाहेर जाऊन काहीतरी दुसरं बोलावं असं वाटलं. पण मॅडम बोलायला लागल्या होत्या.

मोठी बहीण होती, म्हणाल्या, साबिहा आपा. दोघींचंच घर. आई गेल्यावर तीच बाहेरचं सगळं बघायची, बँक, बाजार, भांडणं. मी फक्त शिकवायचे. करोनाच्या साथीत तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा रिक्षात बसताना ती म्हणाली, गॅस बंद केलायस का बघ. मला आत जाऊ दिलं नाही. नंतर कोणी भेटूच दिलं नाही. ती घाबरली असेल की नाही, तेसुद्धा मला माहीत नाही.

सासूबाईंचे हात चालू होते. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “ही दोघं जायची हायेत परदेशात. मला लई भ्या वाटतं बघा. पोरांना सांगत न्हाई. त्यांचा पाय निघायचा न्हाई मग.”

“मलाही वाटते,” मॅडम म्हणाल्या.

“कशाची?”

“संध्याकाळची. मुलं क्लास सुटून गेली की.”

सासूबाईंनी हातातलं शेंगोळं ताटात ठेवलं. “मग संध्याकाळी हिकडं येत जा. तुमाला रस्त्याचं भ्या वाटत आसंल, तर मीच येते.”

मॅडमनी मान हलवली. कोणी यायचं आणि कोणी जायचं ते काही ठरलं नाही. सासूबाईंनी त्यांच्यापुढे पिठाचा आणखी एक गोळा ठेवला, एवढंच. त्या वळत राहिल्या, आणि साबिहा आपाला शेंगोळी कशी आवडत नसत ते सांगायला लागल्या. आमचे कागद अजून आलेले नाहीत. येतील तेव्हा काय करायचं, ते मी आणि संदीप अजूनही एकमेकांना विचारत नाही. त्या संध्याकाळी मात्र पातेल्यातलं पाणी उकळून निम्मं आटलं तरी मी शेंगोळी मागायला बाहेर गेले नाही. ते ओतून टाकलं, आणि आवाज होणार नाही अशा बेताने नळ सोडून दुसरं भरायला लावलं.